जाड पायांची अक्षरं

"अवं, हा बल्ब बदलव ना. अंधारात काय दिसन मानसाले?"

"कालच बदलवला जी," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. परवाही त्या हेच म्हणाल्या होत्या.

मित्रांनो, नवराबायकोचं हे बोलणं चाललं तेव्हा मी नत्थूकाकांच्या बोटांत होतो. मी एक जुना लाकडी टाइप आहे, देवळीच्या बसस्टँडमागे त्यांच्या छापखान्यात राहतो. मी म्हणजे एक अक्षर नव्हे, एकाच वळणाची सगळी अक्षरं. साग कोरून मला घडवलं. माझी शिरोरेघ जाड, काने खांबासारखे, आणि प्रत्येक काना टेकतो तिथे चौकोनी पाय. जणू विटेवर उभा आहे.

नाजूकपणा मला जमत नाही. कुणी हौसेनं मला लग्नपत्रिकेत घातलं, तर मुलीचे मामा म्हणाले, "लगन आहे का बैलबाजार?" खरंच, बैलबाजार मला शोभतो. कुस्त्यांची दंगल, नाटक, सभा, सगळ्यांची पोस्टरं माझीच. धावत्या एसटीतूनही लोक मला वाचत. मग फ्लेक्स आले आणि मी खणात पडलो. आता वर्षातून एकदा बाहेर निघतो, चौदा एप्रिलच्या जयंतीच्या पोस्टरसाठी. निळ्या शाईत. काकांच्या वडिलांपासूनची ती रीत आहे.

यंदा मला जुळवताना काका माझ्याकडे बघतच नव्हते. अंगठा माझ्या पायांवरून फिरवून ओळखत होते. माझे पाय इतके ठसठशीत की एकही अक्षर चुकलं नाही. ज्या जाडपणाचं कौतुक झालं, त्याच जाडपणानं त्यांचं दुखणं झाकलं.

पायानं चालवायच्या ट्रेडल छपाई मशीनचा जबडा मिटायच्या आत कागद ठेवून हात काढावा लागतो. दर कागदाला काकांची बोटं माझ्यासमोर चाचपडत राहायची आणि जबडा मिटत यायचा. ओरडावंसं वाटे. पण कागदाशिवाय मला आवाज नाही, आणि कागदावरही मी दुसऱ्याचंच बोलतो.

त्यातच अन्नपूर्णाबाईंच्या हातून फळी पुसताना शाईचे डबे इकडचे तिकडे झाले होते. काकांनी नेहमीच्या जागेवरचा डबा उघडला. माझ्या अंगावर शाई चढली ती काळी. शोकसभेच्या पोस्टरला वापरतात ती.

संध्याकाळी जयंती मंडळाचा राकेश गठ्ठा न्यायला आला.

"कसा खुलला निळा?" काकांनी विचारलं.

राकेशनं पोस्टर उचललं. मग अन्नपूर्णाबाईंकडे पाहिलं. त्या जमिनीकडे पाहत होत्या.

"मस्त, काका. लांबून दिसन."

"फ्लेक्सले येते का असा रंग?"

"नाई येत," म्हणत तो गठ्ठ्याला सुतळी बांधू लागला.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी सारखं बल्बला नावं ठेवत असेल, तर बल्बकडे पाहू नका. त्या माणसाकडे पाहा. वेळेवर पाहा. मी पाहत होतो, पण मी पडलो लाकूड.

"थांब, अजून थोडे काढून देतो," म्हणत काकांनी मशीनकडे हात नेला. मग बायकोला म्हणाले, "तू बल्ब तेवढा बदलव वो."

अन्नपूर्णाबाईंनी तो हात मधेच धरला. शाई त्यांच्या पदराला लागली.

"राकेश, सोड तो गठ्ठा," त्या म्हणाल्या. "काळे छापले जी तुम्ही. बल्ब चांगला आहे. तुम्हाले दिसत नाई."