पाटीवर नसलेलं वाक्य

“हलके आहेत ना गं सगळे?” मुकादमानं टोपलीतला एक दगड उचलून तळहातावर झेलला. “नाहीतर उद्या माझंच डोकं फोडशील!”

आणि तो खो खो हसला. त्याच्याबरोबर आलेले दोघे सुतारही हसले. मुकादम हसला की हसायचं, हा त्या स्टुडिओतला नियमच होता.

दगडवालीनं मान वर केली नाही. ती ब्रशानं करड्या रंगाचे शिंतोडे मारत होती. आत पेंढ्याचा गोळा, वरून कागदाचा लगदा, खळ आणि खडूची भुकटी, असा तिचा दगड असे. वाळला की हातात घेतल्याचंसुद्धा कळायचं नाही, पण पडद्यावर तो येताना दिसला की पुढच्या बाकावरची माणसं डोकी खाली घालत.

“हलके आहेत,” ती म्हणाली.

“असू देत बाई. खांबाला बांधलेला असणार मी. नाक खाजवायचीही सोय नाही.”

त्यानं गुळगुळीत हनुवटीवरून हात फिरवला. उद्या तिथं प्रधानाची लांब दाढी चिकटणार होती. प्रधानाचं काम करणारा नट दिग्दर्शक साहेबांशी भांडून निघून गेला होता आणि अंगापिंडानं मुकादम थेट त्याच्यासारखा. आयुष्यभर गर्दीला मेंढरांसारखं हाकलल्यावर आता कुठं स्वारी स्वतः कॅमेऱ्यासमोर उभी राहणार होती. चार दिवस झाले, गडी असा चालत होता की जणू खरंच कुणी त्याला प्रधानकी दिली आहे!

चित्रपट मोठा होता. तसा त्याआधी कुणी काढला नव्हता म्हणे. हजारो वर्षांपूर्वीचं एक नगर, त्याच्या लाकडी आणि प्लास्टरच्या भिंती तीन मजले उंच. प्रधान लोकांना चिथावतो, लोक वेशीबाहेरच्या वस्तीवर दगड घेऊन धावतात, आणि शेवटी तेच लोक प्रधानावर उलटतात. बोलपट यायला अजून अवकाश होता, त्यामुळे साहेब पत्र्याच्या भोंग्यातून ओरडत आणि पाठीमागे सगळे त्यांना भोंगा म्हणत. रोज सकाळी खोक्यावर उभं राहून ते गर्दीला सांगत, “माणसानं माणसाचा द्वेष केला म्हणून नगरं बुडाली! हे चेहऱ्यावर दिसू द्या!” सांगताना त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी येई. ढोंग नव्हतं ते, आणि संताप यायचा तो त्याचाच.

कारण त्या खोक्याच्या मागेच पाण्याची दोन पिंपं होती. एक सगळ्यांचं. दुसऱ्यावर तांबडा पट्टा, ते नाल्यापलीकडच्यांचं. नाल्यापलीकडची माणसं पिढ्यान् पिढ्या चिंध्या आणि रद्दी गोळा करत, लगदा करत. त्यांच्या हातचे दगड चालत होते. त्यांचे ओठ लागलेलं पाणी चालत नव्हतं.

दगडवाली नाल्यापलीकडची होती, आणि अर्थात तिचा धाकटा भाऊही.

मागच्या उन्हाळ्यात धाकटा गर्दीत शिपाई होता. शिरस्त्राण, चिकटवलेली दाढी, अंगावर पत्रे. उन्हानं जीव कासावीस झाला तेव्हा तो सरळ पहिल्या पिंपाशी गेला आणि ओंजळीनं पोटभर प्याला. त्या सोंगात कोण कुणाला ओळखणार? पण मुकादमानं ओळखलं. त्या दिवशी तो अवाक्षर बोलला नाही. दुसऱ्या दिवशी वेशीबाहेरच्या वस्तीवर दगडफेक होती. मार खाणाऱ्यांत धाकटा होता, आणि कागदाच्या त्या वर्षावात एक दगड खरा आला.

डावा डोळा गेला.

तो तुकडा साहेबांनी चित्रपटात ठेवला. फार जिवंत आलाय म्हणाले. चौकशी झाली ती अशी: मुकादम म्हणाला, “पायऱ्यांवरून घसरला, साहेब. ही माणसं खोटं बोलतात, तुम्हाला ठाऊकच आहे.” साहेबांना ठाऊक होतं. सगळ्यांनाच ठाऊक असतं. धाकटा ओरडून सांगत होता, मी पाहिलं, गर्दीच्या कडेला मुकादमाचा हात वर होता, मी माझ्या दोन्ही डोळ्यांनी पाहिलं! कुणी ऐकलं नाही. पुढं पुढं तर आपल्याच वस्तीतले लोक म्हणायला लागले, “घसरला असशील रे, गडबडीत कळत नाही.” तेव्हापासून त्यानं बोलणंच सोडलं. विचारलं तर हो किंवा नाही, तेवढंच.

दगडवालीनं काम सोडलं नाही. पोटासाठी राहिली असेल, असं सगळ्यांना वाटलं. पोट होतंच. पण रोज मुकादमाच्या तोंडाकडे बघत ती मनात म्हणायची, थांब मेल्या, तुला पाणी पाजल्याशिवाय मी इथून हलत नाही.

त्या संध्याकाळी ती घरी आली तर धाकटा खिडकीशी उभा होता. खिडकीत तीन दिवस एक दगड वाळत होता. लगदा, खळ, करडे शिंतोडे, सगळं इतरांसारखं. त्यानं तो उचलला आणि हात एकदम खाली गेला.

“ताई, हा कुणासाठी?”

“ठेव तो.”

“कुणासाठी?”

“तुला माहीत आहे कुणासाठी. खांबाला बांधणार आहेत त्याला उद्या. गर्दीतून एक दगड आला तर कोण म्हणणार कुणी मारला? घसरला म्हणतील!” ती हसली, पण ते हसणं तिचं तिलाच बरं वाटलं नाही.

धाकट्यानं दगड जमिनीवर ठेवला. कित्येक महिन्यांत बोलला नव्हता इतकं तो बोलला.

“लागला आणि मेला, तर मी खोटाच राहीन, ताई. कायमचा. त्याचा डोळा घेऊन मी काय करू? त्याच्या तोंडून ऐकायचंय मला. एकदा. चार माणसांत.”

तिला रात्रभर झोप लागली नाही असं काही नाही. ती चांगली झोपली. सकाळी निघताना तिनं तो दगड जिथं होता तिथंच राहू दिला.

चित्रीकरणाच्या जागी गर्दी जमली होती. तिनं टोपल्या वाटल्या. मुकादम भरजरी झग्यात आला, दाढी छातीपर्यंत. दोघांनी त्याला खांबाला बांधलं, दोराच्या काढण्या घट्ट आवळल्या. ती टोपली ठेवायच्या निमित्तानं खांबाजवळ गेली.

“सगळे हलके आहेत,” ती हळूच म्हणाली. “एक सोडून.”

“काय?”

“एक सोडून म्हटलं.”

तो हसायला गेला. दाढीतून ते हसू काही नीट बाहेर आलं नाही. “थट्टा करतेस?”

“तशीच थट्टा, मागच्या उन्हाळ्यातली.”

“कुठल्या टोपलीत आहे? ए, कुठल्या टोपलीत?”

“आता मला तरी कुठून कळणार? वाटून झाले की.”

त्यानं हाक मारायला तोंड उघडलं. पण हाक मारून सांगणार काय? ही बाई मला मारायला बघतेय? का म्हणून, असं कुणी विचारलं तर? शिवाय कॅमेरा त्याच्याकडे वळला होता. जन्मात एकदा वळला होता. त्यानं तोंड मिटलं.

“मारा!” भोंगा गरजला. “ओरडा! तुमची घरं यानं जाळलीत!”

गर्दी ओरडू लागली. असा कल्लोळ, की नटांना भाव यावेत म्हणून बाजूला सूर धरून बसलेल्या वाजंत्र्यांचं वाजवणंही ऐकू येईना. दगड उडाले. पहिला खांद्याला लागून उडाला, तसा मुकादम नखशिखान्त शहारला. दुसरा, तिसरा, दहावा. एकानंही इजा होत नव्हती, आणि प्रत्येक दगड येताना वाटावं की हाच तो, अशी त्याची गत झाली. डोळे मिटले की कुठून येतोय ते दिसेना, उघडले की सगळेच येताना दिसत. घामानं दाढीचा डिंक सुटायला लागला.

तेव्हा खांबाच्या बाजूला, कॅमेऱ्याच्या नजरेबाहेर, दगडवाली खाली वाकली. टोपलीतला एक दगड तिनं दोन्ही हातांनी उचलला. पाठ वाकवून, दात आवळून, गुडघ्याचा आधार देत, जसा पाट्याचा दगड उचलावा तसा. आयुष्यभर नटनट्या पाहिल्या होत्या तिनं. कधीतरी उपयोग व्हायचाच.

मुकादमानं तिला पाहिलं आणि त्याचा धीर सुटला.

“नको! नको गं बाई! मीच मारला! तुझ्या भावाला मीच मारला! आपल्या पिंपाला तोंड लावलं म्हणून मारला! घसरला नाही तो, मी खोटं बोललो! टाकू नकोस, पाया पडतो तुझ्या!”

ती दोन हातांच्या अंतरावर होती, म्हणून तिला शब्द न् शब्द ऐकू आला. तिनं दगड टाकला. तो त्याच्या छातीवर आपटून फुग्यासारखा उडाला.

“वा!” साहेब नाचत होते. “वा, वा! काय चेहरा दिलाय!”

काढण्या सुटल्या तेव्हा ती धावत साहेबांकडे गेली. “साहेब, ऐकलंत ना? त्यानं आत्ता सांगितलं सगळं!”

“मी ऐकत नसतो बाई, मी बघतो,” साहेब म्हणाले. त्यांचे डोळे पुन्हा भरून आले होते. “असं दुःख मी पाहिलं नव्हतं.”

कॅमेरावाल्याला विचारलं. तो म्हणाला, मी दांडा फिरवताना मनात अंक मोजतो, मला जगबुडी झालेली कळणार नाही. गर्दीतल्या लोकांना विचारलं, तर आम्हीच ओरडत होतो, आम्हाला काय कळणार? आणि मुकादम तोंड पुसत, पाणी पीत, पुरता सावरून म्हणाला, “अभिनय होता तो. अभिनय कशाशी खातात माहीत आहे का तुला?”

म्हणजे एवढं करून हाती काय लागलं? कबुली मिळाली होती, आणि तिला आवाज नव्हता. दगडवाली त्या दिवशी कागदाचे दगड गोळा करता करता रडली. चरफडून रडली.

चित्रपट लागला त्या दिवशी दुपारच्या खेळाला ती धाकट्याला ओढूनच घेऊन गेली. वर सज्जात साहेब, कोट घातलेला मुकादम आणि बडी मंडळी. खाली बाकांवर बाकीचं गाव. बाकांवर निम्म्यांना वाचता यायचं नाही. पडद्यावर अक्षरांची पाटी आली की ज्याला येतं त्यानं मोठ्यानं वाचायची, अशी तिथली रीतच होती. आज आसपास कुणी वाचेना, तेव्हा मागून एक म्हातारी म्हणाली, “कुणी वाचा की रे!” आणि दगडवाली वाचायला लागली. रद्दीतल्या कागदांवरूनच ती आणि धाकटा अक्षरं शिकले होते.

तिचा आवाज खणखणीत होता. ती पाटीमागून पाटी वाचत गेली, अक्षर न बदलता. प्रधानाचं कपट वाचलं. वस्तीवरची दगडफेक आली, रक्तानं माखलेला आपलाच चेहरा धाकट्यानं पाहिला, तेव्हाही तिनं वाचलं. लोकांना तिच्या आवाजाची सवय झाली. बाईनं सांगितलं म्हणजे तसंच आहे.

मग खांब आला. मुकादमाचा चेहरा पडदाभर. ओठ हलत होते, भराभरा, जिवाच्या आकांतानं. आणि पाटी आली.

‘हे देवा, माझ्या प्रजेला क्षमा कर!’

दगडवालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शेजारची बाई पदरानं डोळे टिपत होती. त्याच्यासाठी! ह्या मेल्यासाठी!

“काय लिहिलंय?” म्हातारी म्हणाली. “वाच ना गं.”

दगडवाली उभी राहिली.

“मीच मारला,” ती मोठ्यानं म्हणाली. “तुझ्या भावाला मीच मारला. आपल्या पिंपाला तोंड लावलं म्हणून मारला. घसरला नाही तो, मी खोटं बोललो.”

“अहो, असं कुठं लिहिलंय?” पलीकडून एकजण म्हणाला.

“लिहिलेलं नाही. तो बोलतोय ते सांगतेय. बघा त्याच्या तोंडाकडे!”

पाटी गेली आणि पुन्हा तोच चेहरा आला, तेच ओठ. तिनं ओठांबरोबर पुन्हा शब्द म्हटले, एकेक करून, आणि शब्द त्या तोंडात चपखल बसले. बाकांवरची माणसं पुढं वाकून बघू लागली.

“खोटं आहे!” वरून, सज्जातून मुकादम ओरडला. “खोटं बोलते ती! गप्प करा तिला! तिचा भाऊ पायऱ्यांवरून...”

“बसा हो खाली!” कुणीतरी खेकसलं. मग त्याच माणसानं मान वळवून वर पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, पुन्हा वर पाहिलं. “अरे, हाच की तो!”

एकेक करून बाकांवरची डोकी वर वळली. दाढी नसली तरी तोंड तेच होतं, आणि आताही ते तसंच उघडं पडलं होतं. सज्जाचं दार उघडलं. क्षणभर दुपारचं ऊन आत आलं आणि मुकादमाची पाठ दिसली. साहेब तिथंच बसून राहिले. ते कुणाकडेच बघत नव्हते.

पडद्याजवळ बसलेला पेटीवाला वाजवायचा थांबला होता, त्यानं पुन्हा सूर धरला. पुढची पाटी आली. दगडवाली मात्र अजून सज्जाच्या दाराकडेच बघत होती.

“अगं, पुढं काय झालं?” मागून म्हातारी म्हणाली.

तेव्हा धाकटा वाचायला लागला. आधी त्याचा आवाज खरखरला, इतक्या महिन्यांचा बंद होता तो. त्यानं घसा खाकरला, एक डोळा बारीक करून अक्षरं जुळवली आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं, “सकाळी वेशीची दारं उघडली, आणि बाहेरची माणसं आत आली.”

“आत आली का?” म्हातारीनं विचारलं.

“हो आजी,” तो म्हणाला. “आली.”

“बरं झालं,” म्हातारी म्हणाली, आणि तिनं ते शेजारच्या बाईला सांगितलं.