परत आलेले गुण

धाकट्याने चष्म्याची उजवी दांडी गरम हवेच्या झोतावर धरली होती. ती जरा नरम पडायची वाट पाहत असतानाच काउंटरवरचा फोन वाजला. फोन थोरल्यांचा. त्यांचा नवा चष्मा धाकट्याच्या हातात, आणि जुन्याने बारीक अक्षर लागत नव्हतं, त्यामुळे त्यांनी फोन आधी हातभर लांब धरला, मग नाकाशी आणला, पुन्हा लांब नेला आणि शेवटी काउंटरच्या काचेवरून पुढे सरकवला.

"बघ रे काय आलंय. बुद्धिबळवाल्यांचंच असणार. त्यांच्याशिवाय मला कोण विचारतंय?"

धाकट्याने दांडी बाजूला घेतली आणि वाचलं. थोरले ज्या संकेतस्थळावर रोज बुद्धिबळ खेळत, तिथूनच निरोप होता. तुमच्या अलीकडच्या एका प्रतिस्पर्ध्याने डावांत यंत्राची मदत घेतल्याचं आढळलं आहे, त्याचं खातं बंद केलं आहे, त्याच्याशी खेळताना गेलेले तुमचे गुण परत केले आहेत. शेवटी आकडा होता, एकेचाळीस. बंद झालेलं ते खातं धाकट्याचंच होतं.

"जाहिरात आहे," तो म्हणाला.

"मग टाक काढून."

त्याने अंगठा फिरवला, निरोप पडद्यावरून गेला. फोन परत देताना त्याने मान वर केली नाही. दांडी एव्हाना गार झाली होती, ती त्याने पुन्हा झोतावर धरली.

दोघं साडू. एकाच घरच्या दोन बहिणी दोघांना दिलेल्या. थोरले दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या बनवायचे आणि धाकट्याचं हे चष्म्याचं दुकान, त्यामुळे आमच्या तोंडावर दोन्ही जावयांनी कब्जा केलाय असं सासरे येईल त्याला ऐकवायचे. दात थोरल्यांचे, डोळे धाकट्याचे. महिन्यातून एखाद्या रविवारी सासुरवाडीला जेवणं व्हायची आणि नंतर दोघा साडूंचा पट मांडला जायचा. धाकटा नेमाने हरायचा. हरायचं दुःख नव्हतं त्याला, पण एका रविवारी थोरल्यांनी त्याचा वजीर उचलला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले की आमचा धाकटा सोंगट्या मात्र फार सुरेख मांडतो. सासरे हसले, सासूबाई हसल्या. बायकोही हसली, आणि तेच त्याला जास्त लागलं. घरी जाताना वाटभर तो तिच्याशी धड बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी, दुकानात चिटपाखरू नसताना, त्याने मागच्या खोलीत काच कापायच्या यंत्राशेजारी बसून 'वाटसरू' या नावाने खातं उघडलं. थोरल्यांचं तिथलं नाव सगळ्या घराला माहीत होतं, 'कवळीवाला'. त्याने सरळ त्यांनाच आव्हान धाडलं. समोर दुकानाचा संगणक होता, त्यावर बुद्धिबळाचा प्रोग्राम चालू होता. तो जी चाल दाखवेल ती धाकटा फोनवर खेळत गेला. अर्ध्या तासात कवळीवाला चीत. एकदा जिरवायची आणि खातं बंद करायचं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. खरंच एवढंच होतं.

पण पुढच्या रविवारी थोरले आले तेच उजळलेल्या चेहऱ्याने. जेवताना दुसरा विषयच नाही. कोण वाटसरू आहे कुणास ठाऊक, पण काय खेळतो, हत्ती असा सोडला की मला वाटलं चुकला बिचारा, आणि चार चालींनी कळलं की चुकलो तो मी. सासऱ्यांनी विचारलं, अहो पण हरलात ना तुम्ही? हरलो की, थोरले म्हणाले, आणि चांगले तेरा गुण गेले. मग त्यांनी मिठाची वाटी एकीकडे, लोणच्याची एकीकडे ठेवून सगळ्यांना हिशोब समजावला. डावाआधीच संकेतस्थळाचं यंत्र दोघांच्या गुणांतला फरक बघतं आणि कोण जिंकेल याचा अंदाज बांधतं. बरोबरीच्या माणसाशी हरलं तर सात-आठ गुण जातात. पण तो पडला नवखा, त्याचे गुण माझ्याहून खूप कमी. म्हणजे यंत्राच्या मते मी जिंकायलाच हवं होतं. जिथे जिंकायलाच हवं तिथे हरलं की दंड जास्त, आणि तिथे जिंकलं असतं तर मिळाले असते जेमतेम तीन. नवख्याचे मात्र एका डावात भसाभस वाढतात, कारण यंत्राला अजून त्याचा भरवसा नसतो. हळूहळू त्याचे गुण माझ्या पुढे गेले की मग मी हरलो तरी थोडेच जातील.

धाकटा भाताशी खेळत बसला होता. कोणीतरी आपलं इतकं कौतुक करतंय हे त्याला आवडलं होतं. नंतर कितीतरी दिवस त्याला सगळ्यात जास्त लाज वाटली ती याची. त्या कौतुकापायीच तो आणखी चार डाव खेळला. थोरल्यांनीही दर वेळी आव्हान स्वीकारलं. असा माणूस खेळायला मिळत नाही, गुण जाईनात का, असं ते म्हणत.

आणि मग गावच्या ग्रंथालयाच्या बुद्धिबळ संघाचं निघालं. तिथल्या मंडळाने पाच जणांचा संघ परगावी स्पर्धेला पाठवायचं ठरवलं. निवडायला दुसरं मोजमाप नव्हतं, म्हणून याच संकेतस्थळावरचे गुण धरायचे ठरले. ठरल्या दिवशी पंधराशेच्या खाली असेल तो बाद. थोरले आयुष्यात कुठल्याच संघात नव्हते, शाळेच्यासुद्धा नाही. त्यांनी दुकानात येऊन नवा चष्मा करायला टाकला. तिथे दिव्यांखाली बसावं लागेल, काचेवर चकाकी येता कामा नये, असं बजावून गेले. तेव्हा धाकट्याने गुपचूप फोनवर बघितलं. कवळीवाल्याचे पंधराशेला नऊ कमी होते.

त्याने आपल्या परीने धडपड केली. वाटसरू म्हणून पुन्हा आव्हान धाडलं. या वेळी मुद्दाम हरायचं, म्हणजे गुण जिथले तिथे जातील. पण थोरल्यांनी नकार दिला. आता आणखी गमवायची छाती नव्हती त्यांची. अनोळखी माणसांशी जपून जपून खेळत त्यांनी चार मिळवले, पाच घालवले. खरं सांगून टाकायला एक फोन पुरला असता. धाकट्याने तो तीनदा हातात घेतला आणि तीनदा ठेवला. काल यादी लागली. तीत थोरल्यांचं नाव नव्हतं.

"करायला टाकला होता, तर घेऊन तरी जातो," आज दुकानात आल्या आल्या ते म्हणाले होते, आणि खुर्चीत बसले होते.

धाकट्याने दांडी वाकवली, निववली आणि चष्मा त्यांच्या नाकावर चढवला. मग कानामागे बोटं घालून दांडी कुठे टोचते का ते बघू लागला. इतक्या जवळून त्यांचा चेहरा त्याने कधी पाहिला नव्हता. दाढी करताना हनुवटीखाली थोडी राहून गेली होती. थोरल्यांनी सवयीने फोन उघडला.

"अरेच्चा," ते म्हणाले.

धाकट्याची बोटं थांबली.

"सकाळी चौदाशे नव्वद होते. आता पंधराशे एकतीस." त्यांचे ओठ हलले. मनात वजाबाकी चालली होती. "एकेचाळीस. आज तर एकही डाव खेळलेलो नाही मी. न खेळता कसे वाढतील?"

थोरले पुटपुटत राहिले, तेरा आणि दहा तेवीस, आणि सात, आणि सहा, आणि पाच. मग त्यांचं बोट संकेतस्थळावरच्या निरोपांत काहीतरी शोधत फिरू लागलं. धाकट्याने घाईघाईने जवळचं वाचायचं कार्ड पुढे केलं. नवा चष्मा दिला की बारीक अक्षर वाचून घ्यायची दुकानाची रीतच होती.

"दादा, यातली शेवटची ओळ वाचून दाखवा. म्हणजे नंबर बरोबर आहे का ते कळेल."

थोरल्यांनी कार्ड घेतलं, मांडीवर ठेवलं आणि फोनच समोर धरला.

"हे वाचतो की. हेही बारीकच आहे."

आणि त्यांनी वाचलं. शाळेत उभं राहून धडा वाचावा तसं, एकेक शब्द सुटा करून. अलीकडच्या एका प्रतिस्पर्ध्याने. यंत्राची मदत. खातं बंद. गुण परत. आवाज चढला नाही की अडखळला नाही. खाली निरोप आल्याची वेळ होती, तीही त्यांनी वाचली. ती पाव तासापूर्वीची होती. तिथे मात्र ते थांबले. धाकट्याची बोटं अजून त्यांच्या कानांमागे होती. ती काढून घ्यायचंही त्याला सुचलं नाही.

"ते डाव मी लेकीला दाखवले," थोरले म्हणाले. "तो हत्तीवाला तर दोनदा. तिला म्हटलं, माणूस असा विचार करू शकतो बघ."

धाकट्याने हात खाली घेतले. कुठे ठेवावेत ते कळेना, म्हणून एप्रनला पुसले.

"दादा, ती जाहिरात नव्हती."

"वाचलं ना मी."

एवढंच. थोरले उठले. जुना चष्मा खिशात घातला, कार्ड उचलून काउंटरवर नीट सरळ ठेवलं. धाकट्याला वाटत होतं की त्यांनी शिवी द्यावी, थोबाडीत द्यावी, निदान यादीचं तरी काढावं. यादीचं ते अवाक्षर बोलले नाहीत. दारापर्यंत गेले, कडीवर हात ठेवला आणि पाठमोरेच उभे राहिले.

"रविवारी ये," ते म्हणाले. "नेहमीसारखा पट मांडू. मी आता हसणार नाही तुला. कोणाला हसूही देणार नाही."

दार लागलं. काचेतून दिसत होतं, थोरले रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवर गेले. तिथे थांबून त्यांनी चष्मा काढला, दुसऱ्या हाताने डोळे पुसले आणि मग शर्टाचं टोक धरून नव्या काचा पुसायला घेतल्या. एरवी धाकटा दार उघडून तिथूनच ओरडला असता, दादा, शर्टाने नको, ओरखडे पडतात, पुसायचा कपडा दिलाय ना डबीत. डबी काउंटरवरच राहिली होती. तो ती हातात घेऊन दाराशी गेला, पण दार उघडायला त्याचा हात उचलला गेला नाही.