चौदावा टाका

“मेलेल्या माणसांचे कपडे शिवलेस का गं कधी?”

मैत्रिणींनी पैज लावली म्हणून या घरातल्या धाकटीनं माझ्या चाकावर हात ठेवून विचारलं. मागे तिघी फिदीफिदी हसत होत्या. हसा, पोरींनो, हसा. मी एक जुनी शिलाई मशीन आहे. मी शिवले तेव्हा ती माणसं जिवंत होती, एवढंच सांगते.

मला या घरात आणलं धाकटीच्या पणजीनं. तिच्या थोरल्या मुलानं रांगता असताना माझ्या पोटात बटण कोंबलं. तेव्हापासून मी दर चौदावा टाका सोडते. पणजी दुरुस्त करू द्यायची नाही. “राहू दे, पोराची खूण आहे ती.”

मग लढाई आली. सरकारी कापडाचे तागे दारात येऊन पडले. सैनिकांचे चारशे गणवेश शिवले मी. चारशे! सगळे सरकारी मापाचे. शेवटचा मात्र थोरल्याचा. सतरा वर्षांचं पोर, बांबूसारखं वाढणारं. पणजीनं बाहीच्या आत दोन बोटं जास्तीचं कापड दुमडलं. “वाढलास की उसवून देईन.”

“मी काय तिथे उंची वाढवायला चाललोय का गं, आई?”

वर्षभरानं एक प्रेत आलं. चेहरा उरलाच नव्हता. पणजीनं कॉलरचे टाके मोजले, चौदाव्याला थांबली आणि किंचाळली, “माझाच!”

अगं बाई, तो टाका चारशे जणांच्या अंगावर होता! बाही उलटून बघ ना! पण मशीनचं कोण ऐकतं? परक्या लेकराला माती दिली. त्याच्या अंगावरचा सदरा थोरल्याचा म्हणून घरातल्या पेटीत जपून ठेवला. थोरल्याची वाट बघणं संपलं.

पुढे दुष्काळ आला. त्याच माणसांची मापं दर खेपेला कमी होत गेली. मग साथ आली, मग तयार कपडे आले आणि मी फुलदाणी ठेवायचं टेबल झाले. उद्या भंगारवाला येणार होता.

पण धाकटी प्रश्न विचारून पळाली नाही. तिनं माझा खण उघडला. आत पणजीची मापांची वही. गणवेशांच्या पानावरची शेवटची ओळ: ‘थोरला. बाहीत दोन बोटं जास्त.’ तिनं पेटीतला सदरा काढला, बाही उलटली. आत जास्तीचं कापड नव्हतंच, उसवल्याची खूणही नव्हती. मैत्रिणींचं हसू थांबलं.

मित्रांनो, जुनं काही टाकण्याआधी एकदा उलटून बघत जा. आमची साक्ष आतल्या बाजूला असते.

“अगं, भंगारवाल्याला शब्द दिलाय,” आईसोबत दारात आलेले बाबा म्हणाले.

“मग शब्द मोडा. थोरले आजोबा गेले हे आपणच ठरवलं, बाबा. कुणी शोधलंच नाही त्यांना. आणि या सदऱ्यातल्या मुलाची आई वाट बघतच गेली असेल. आई, तूही ऐक. मशीन इथेच राहील. आणि उद्या शाळा सुटली की मी सैन्याच्या कचेरीत जाणार, दोघांचीही चौकशी करायला.”