दोन वर्षांची मुदत आणि दोनशे कलमे

मित्रांनो, मी एक जुना कलमाचा चाकू आहे; पण मला म्हातारा म्हणाल तर रागावेन. सौंसरच्या लोहाराने मला घडवले आणि पांढुर्ण्याच्या तुळशीरामने कामाला लावले. जंबेरीच्या, म्हणजे रानलिंबाच्या, रोपाची साल मी हलकेच उघडायचो, तुळशीराम तिच्यात संत्र्याचा डोळा, म्हणजे फांदीवरचा कोंब, बसवून पट्टी बांधायचा. "तुळशीरामभाऊच्या हातानं काडी बी फुटते," असे बागवाले म्हणत.

एकोणीसशे सत्याऐंशीच्या दिवाळीत नागपूरच्या डॉक्टरांनी त्याच्या रक्तात एड्स असल्याचे सांगितले. वर म्हणाले, औषध नाही; फार तर दोन वर्षे.

झाले! बागवाल्यांनी बोलावणे बंद केले. म्हणे, रोग झाडात उतरेल. माणसाचा रोग संत्र्याला होतो, हे शहाणपण मी तेव्हाच ऐकले.

तुळशीराम घरामागच्या स्वतःच्या जमिनीच्या तुकड्यात दोनशे कलमे लावणार होता. खड्डेही खणले होते. तिथे उभा राहून धाकटा भाऊ सुखदेव म्हणाला, "दादा, संत्र्याले फळ याले पाच वर्ष लागते. तुले दोनच सांगतले. जमीन कायले अडवून राहिला? कापूस पेरू."

तुळशीरामने मला पेटीत ठेवले. मी गंजलो, तो खाटेवर खंगला.

पौषात सुखदेव खड्डे बुजवायला नांगर घेऊन आला. तुळशीरामच्या बायकोने, सुशीलाने, मला पेटीतून काढले आणि त्याच्यासमोर उभी राहिली.

"भाऊजी, तुमचे किती वर्ष उरले, इचारलं का डाक्टरले?"

"वहिनी, मी भल्यासाठीच म्हणून राहिलो."

"मंग जित्या माणसाचं काम कायले बंद करता?" ती खाटेवरच्या नवऱ्याकडे वळली. "उठा. जंबेरी मी आणते, डोळे तुमी भरा."

तुळशीरामने माझ्या पात्यावर अंगठा फिरवला. "हा तं माह्याआधीच मेला," म्हणाला आणि मला दगडावर घासू लागला. सुखदेव नांगर घेऊन परतला, आणि पुढे त्या खड्ड्यांत आमची कलमे उभी राहिली.

मित्रांनो, ती दोन वर्षे यंदाच्या दिवाळीला संपली. तुळशीरामला ताप येतो, जेवण जात नाही. या रोगावर औषध नाही, हे डॉक्टरांचे म्हणणे मी खोडत नाही. पण त्यांनी दिलेली मुदत गावाने हुकमासारखी बजावली, याची मला चीड येते. आजारी माणसाला जगायच्या कामातून आधीच काढून टाकू नका. आपल्या झाडाची फळे तो खाईल की नाही, कोण जाणे. झाड लावायला मात्र त्याला कोणी नाही म्हणू नये.

आज मी तुळशीरामच्या हातातून निसटत होतो. सुशीलाने माझ्या मुठीला चिंधी गुंडाळली आणि आम्ही मेलेल्या कलमांच्या जागी नवे डोळे भरायला बसलो.