बिनवेताचा लादो

“उनी, माझा वेत कुठाय?”

“चुलीत.”

मसरिलला वाटलं, उनी, म्हणजे थोरली बहीण यारनिस, थट्टा करतेय. त्यानं वाकून पाहिलं, तर कढईखाली खरंच वेत जळत होता. मुठीला गुंडाळलेली लाल चिंधी तेवढी धुमसत राहिली होती.

“आच मात्र झकास देतो हं,” यारनिस म्हणाली. गुरुवारचा रोजा असल्यामुळे चव न बघता, नुसत्या रंगावर ती कसाव्याचे काप कढईतून उतरवत होती.

“डोकं फिरलंय का तुझं? परवाच्या शिकारीत त्या कुत्र्यानं सगळ्यांपुढं माझं नाक कापलं! डुक्कर एकीकडं, हा भलतीकडं. हाकेला ओ नाही. शेवटी सापडला कुठं, तर पलीकडच्या गावात, कोंबड्यांच्या मागं.”

“म्हणून तू बांधून झोडपलंस. मी तिन्हीसांजेच्या नमाजाला उभी होते. त्याचं केकाटणं ऐकलं आणि कुराणातली आयत विसरले. जन्मात कधी विसरले नव्हते.”

मागच्या फणसाखाली लादो दोरीला बांधलेला बसला होता. लादो म्हणजे मिरची. वर्षाचा तो, अंगापेक्षा पायच लांब, एक कान उभा तर एक पडलेला. घर आईचं, आईकडून लेकीकडं, यारनिसकडं आलेलं. मसरिल रीतीप्रमाणे बायकोच्या घरी नांदायला गेलेला, आणि तिथं सासूबाईंनी कुत्रा फाटकातही येऊ दिला नव्हता. भातशेतीचा नास करणाऱ्या रानडुकरांची शिकार म्हणजे या डोंगरातल्या पुरुषांचा जीव की प्राण. पण कुत्रा बांधायचा म्हटलं की बहिणीचंच दार आठवायचं.

“कापणीनंतर मोठी शिकार आहे,” मसरिल म्हणाला. “त्या दिवशीही हाकेला आला नाही, तर मी त्याला परत आणणार नाही. उत्तरेचा ट्रक रस्त्याला उभाच असतो.”

त्या ट्रकमधले कुत्रे कुठल्या हंड्यात शिजतात, ते गावात सगळ्यांना माहीत होतं.

“तोवर त्याच्यावर हात उगारायचा नाही. माझ्या जमिनीवर तर नाहीच.”

“मग शिकवणार कोण? तू? नमाजासाठी पाक राहायचं म्हणून तुला तर त्याला शिवताही येत नाही!”

“न शिवता शिकवीन.”

दुसऱ्या दिवशी पहाटेचा नमाज आटोपून ती फणसाखाली गेली. हातात लांब दांड्याचा जुना झारा, त्यात वाळल्या मासळीचे तुकडे. लादोनं थेट झाऱ्यावरच उडी घेतली. ती पाठ फिरवून खांबासारखी उभी राहिली. तो भुंकला, गोल फिरला, दोरीत गुरफटला आणि शेवटी काही सुचेना म्हणून मट्‌कन बसला. तेवढ्यात समोर तुकडा पडला. लादोनं वर बघितलं. ही काय भानगड आहे?

संध्याकाळी ती प्रार्थनाघरात पोरांना अक्षरं शिकवायची. तिच्या आधीचे गुरुजी छडी घेऊन बसत. त्यांच्याकडची पोरं ओळ वाचताना पुस्तकाकडे बघतच नसत, छडीकडे बघत. तीही त्यातलीच एक होती.

हळूहळू “मारी”, म्हणजे ये, एवढ्या एका शब्दावर लादो धावत यायला लागला. आणि मग एक दिवस सगळं विसरला. माकडं दिसली की बहिरा, शेजारची कुत्री दिसली की आंधळा. त्याची गद्धेपंचविशी सुरू झाली होती. यारनिस चिडली नाही. लांबून येत नाहीस? बरं, जवळून ये. तेही नको? नुसतं माझ्याकडं बघ. बघितलंस? हा घे तुकडा.

कुंपणापलीकडून रोस्ना मावशींना राहवेना. “हजला जायचं वय हिचं, आणि बसलीय कुत्र्याला घास भरवत! लाळ लागली म्हणजे?”

“लागतेच की, मावशी. मग सात वेळा धुते, त्यातलं एकदा मातीनं. लाळेला धुणं सांगितलंय. मुक्या जिवाला झोडपलं तर त्याला कुठलं धुणं, तेवढं जरा विचारून या.”

मावशी विचारायला गेल्या असाव्यात. बरेच दिवस कुंपणाशी दिसल्या नाहीत.

मोठ्या शिकारीच्या दिवशी डोंगराच्या पायथ्याशी गावोगावचे पुरुष जमले. दोऱ्या ताणून कुत्रे नुसते थयथयत होते. छत्री घेऊन बांधावर उभी असलेली बाई बघून म्होरके दातुक खाकरले.

“बाईमाणसाचं इथं काय काम?”

“माझ्या अंगणातला कुत्रा आहे, दातुक. त्याला न्यायला आलेय.”

आरोळी उठली. दोऱ्या सुटल्या. डोंगर भुंकण्यानं भरून गेला.

ऊन चढलं तसे एकेक कुत्रे परतले. लादो ओढ्यापलीकडं थांबला. मसरिलनं हाक मारली. त्याच्या हातात नवा, ताजा तोडलेला वेत होता. तो एक पाऊल पुढं गेला की लादो दोन पावलं मागं सरे.

“मसरिल, कुत्रा तुझा की जंगलाचा?” कुणीतरी ओरडलं. सगळे हसले. रस्त्यावर ट्रकचा भोंगा वाजला.

यारनिसनं बांधावरून, पोरांना ओळ सांगावी तशा आवाजात म्हटलं, “मारी.”

पडका कान हलला. लादो ओढ्याचं पाणी उडवत आला आणि तिच्यापासून हातभर अंतरावर चिखलात बसला. तुकडा पडला. हसणं थांबलं.

मसरिल दोरी घेऊन धावला. तसा लादो उठला आणि लांब जाऊन उभा राहिला.

“धर त्याला, उनी!”

“मी शिवत नाही.”

“अगं, मग...”

“तू बोलाव. आधी ती काठी टाक.”

“सगळे बघतायत!”

“बघू देत. माझ्या अंगणात मारत होतास तेव्हाही शेजारी बघतच होते. आणि ट्रकमध्ये तो जाणार नाही, मसरिल. आज नाही आणि कधीच नाही. तुझ्याकडं आला तर तुझा, नाहीतर माझ्या दारी म्हातारा होईल.”

मसरिलनं इकडंतिकडं बघितलं. मग वेत ओढ्यात फेकला. तिनं उरलेली मासळी दगडावर ठेवली; त्यानं ती उचलली आणि चिखलात उकिडवा बसला.

“मारी!”

“हा हुकूम झाला.”

“मारी.” या वेळी त्यानं आवाज खाली आणला.

लादोनं एक पाय पुढं टाकला आणि तो थांबला.

“मसरिल, येतोस का?” पलीकडच्या टेकडीवर निघालेल्या माणसांतून दातुकांनी हाक दिली. काही जण रेंगाळले होते, माना वळवून बघत होते.

मसरिल उकिडव्याचा पुढं झुकला. गुडघे चिखलात, हात पुढं, तळवा उघडा. ओठ हलत होते, शब्द ऐकू येत नव्हता.

यारनिसनं छत्री उघडली. ऊन डोक्यावर होतं, पण छत्री तिनं आडवी धरली, मसरिल आणि त्या माणसांच्या मध्ये.