उलट्या गाडीची सोमवती

"पिंपळ उजव्या हाताला ठेवायचा, हौसा. फेरी चालू हाय तोवर तोंडातून शब्द नाय. आन मोजणी चुकली का पयल्यापासून."

सासूबाई कृष्णाबाईंना जाऊन नऊ वर्षं झाली होती, पण दर सोमवती अमावास्येला त्यांचा हा आवाज हौसाच्या कानाशी येऊन बसायचा. सोमवारी अमावास्या आली की पिंपळाला एकशे आठ प्रदक्षिणा, प्रत्येक फेरीला एक बत्तासा पिंपळाच्या पायाशी, आणि फेऱ्या पुऱ्या होईपर्यंत पोटात पाणीसुद्धा नाही. धन्याच्या आयुष्यासाठी हे व्रत. धनी भगवान न्हावा शेव्याला क्रेनवर कामाला होता, ताशी दोन विड्या ओढूनही त्याला कधी साधं पडसं झालं नव्हतं. ते श्रेय हौसा पिंपळाला देई आणि भगवान विड्यांना.

अडचण या खेपेला अशी झाली, की सोमवती आणि मितेश एकाच दिवशी आले.

मितेश तिचा एकुलता एक. परदेशी उतारूंच्या मोठ्या बोटीवर तो खोल्या झाडायला, चादरी बदलायला होता. अकरा महिने झाले होते त्याला जाऊन आणि अजून नऊ काढायचे होते. मुंबईच्या धक्क्यावर जागा मिळेना म्हणून बोट एक दिवसासाठी न्हावा शेव्याला लागणार होती. त्यानं नाक्यावरच्या पीसीओवर निरोप ठेवला. धक्क्यावरून बस निघेल, सकाळी कर्नाळ्याचे पक्षी आणि दुपारी गोवा रस्त्यावरची नवी मौजनगरी, असं उतारूंना दाखवायचं ठरलंय. उतारूंबरोबर मला पाठवतायत. साडेअकरा ते दोन मी मौजनगरीत. घरी यायला जमणार नाही, पण आई, डबा घेऊन ये, पहिला घास आपण दोघं एकदम घेऊ.

बापलेकांची भेट सकाळीच उरकली होती. बोटीचे दोर बांधताना भगवान क्रेनवरून ओरडला होता, लेकानं खालून हात केला होता, आणि दोघांना तेवढं पुरे झालं होतं. हौसाला पुरणार नव्हतं. तिनं पहाटे उठून तांदळाच्या भाकऱ्या केल्या, वालाचं बिरडं केलं, भोपळ्याच्या घाऱ्या तळल्या. लेकाला जीव की प्राण असलेला सुका जवळा मात्र अमावास्येपायी आणि सोमवारपायी डब्यात घालणं सोडाच, घरातसुद्धा उघडला नाही.

आता प्रदक्षिणांचं काय? पंचांगात अमावास्या लागत होती अकरा वाजून पाच मिनिटांनी. त्याआधी घातलेल्या फेऱ्या चतुर्दशीच्या, म्हणजे नुसतं पायाला चालणं. गावच्या पिंपळाला अकरा पाचला सुरुवात केली तर गुडघ्यांच्या कृपेनं दीड वाजणार, मग रिक्षा, मग मौजनगरीचं फाटक, आणि तोवर बस गेलेली. दोन रात्री हौसानं हे गणित मांडलं आणि पुसलं. तेव्हा तिला आठवलं, मौजनगरी झाली ती जमीन गावातल्याच काळूरामची. विकताना त्यानं एकच अट घातली होती, की बांधावरच्या पिंपळाला कुणी कुऱ्हाड लावायची नाही. पिंपळ तिथंच होता, म्हणजे व्रतही तिथंच होईल आणि लेकही तिथंच भेटेल. देवानंच जुळवून आणलं म्हणून ती निश्चिंत झाली.

पिंपळ खरंच जागेवर होता. फक्त त्याच्याभोवती गोल रूळ टाकून मालकानं झुकझुकगाडी फिरवली होती. रुळाच्या कडेला जाळी, जाळीपलीकडे एका बाजूला होड्यांचं तळं आणि दुसऱ्या बाजूला सिमेंटचा ताजमहाल. रुळाच्या आत जायला सक्त मनाई, अशी पाटी. बाहेरून फेरी घालायची तर निम्मी फेरी पाण्यातून.

पाटीखाली लाल टोपी घालून स्वतः काळूराम बसला होता. ज्या जमिनीचा मालक होता, तिच्यावर आता तो गाडी हाकत होता, आणि त्याचं त्याला विशेष काही वाटत नसावं. हौसाची अडचण त्यानं शांतपणे ऐकून घेतली.

"वैनी, गाडीत बसा," तो म्हणाला. "पिंपळाभवतीच तर फिरते. पोरं चार फेऱ्यांवर उतरतात, तुमी एकशे आठवर उतरा."

बसून घातलेली प्रदक्षिणा चालते का, याचा कृष्णाबाईंनी खुलासा केलेला नव्हता. पण आजारी माणसं पालखीतून देवाला जातात, मग गुडघे आजारी असलेलं माणूस गाडीतून का नाही, असं हौसानं मनाशी ठरवलं. इतक्यात बस आली. गोरे म्हातारे-म्हाताऱ्या उतरले, आणि त्यांच्यामागून पांढऱ्याधोप कपड्यांतला मितेश. अंगानं वाळला होता. हौसानं त्याच्या गालांवरून हात फिरवला आणि बोटीवर माणसं जेवतात की नुसती हवा खातात, असं विचारलं. त्याला उतारूंना जेवणाच्या तंबूत बसवायचं होतं. तू फेऱ्या सुरू कर, मी आलोच, म्हणून तो गेला. जाताना, तू जेवल्याशिवाय मी काही खाणार नाही, असंही सांगून गेला. दोनला बस. त्याच्या आत एकशे आठ.

ती डबा मांडीवर घेऊन शेवटच्या डब्यात बसली. काळूरामनं घंटा वाजवली आणि गाडी निघाली.

पहिल्याच वळणावर तिच्या ध्यानात आलं. पिंपळ डाव्या हाताला होता.

गाडी उलटी फिरत होती. म्हणजे गाडीच्या दृष्टीनं सरळ, पण देवाच्या दृष्टीनं उलटी. आणि फेरी चालू असल्यामुळे हौसाला बोलता येईना. तिनं हात हलवले. काळूरामनं आरशात पाहिलं, बाई खुशीत आहे असं समजून घंटा वाजवली आणि वेग वाढवला. तिनं दोन्ही हात हलवले. त्यानं शिट्टीही वाजवली. एरवी चार फेऱ्यांवर थांबणारी गाडी आज एका व्रताच्या बाईसाठी थांबवायची नाही, असा त्यानं निर्धारच केला होता. शेवटी हौसानं पुडीतला बत्तासा काढून त्याच्या दिशेनं भिरकावला. आठ बत्तासे इकडेतिकडे गेले. नववा बरोबर लाल टोपीवर बसला. काळूरामनं तो उचलला, कपाळाला लावला आणि प्रसाद म्हणून खाल्ला.

मितेश तंबूतून बाहेर आला तेव्हा गाडी अशी धावत होती आणि त्याची आई शेवटच्या डब्यात रडवेली होऊन हातवारे करत होती. त्यानं रुळाशी जाऊन गाडी थांबवली. एकवीस फेऱ्या झाल्या होत्या.

पुढची दहा मिनिटं शास्त्रार्थात गेली. मितेशचं म्हणणं, उलट्या फेऱ्या धरायच्याच नाहीत, शून्यापासून सुरू कर. हौसाचं म्हणणं, त्या कशा धरायच्या नाहीत? पिंपळाला सूत उलटं गुंडाळलं तर नुसतं नवीन सूत घेऊन भागत नाही, आधीचं सोडवावं लागतं. आधी एकवीस सुलट घालून हिशोब कोरा करायचा, मग एकशे आठ. मितेशनं घड्याळ पाहिलं आणि दुसरी तोड काढली. गाडी अशीच जाऊ दे, तू सीटवर उलटी बस, पिंपळ आपोआप उजव्या हाताला येतो. यावर हौसानं त्याला हळू आवाजात विचारलं की, देवाभोवती पाठमोरं, खेकड्यासारखं फिरायला त्याला बोटीवर शिकवलं का.

राहता राहिला एकच उपाय. गाडी मागे चालवायची.

काळूरामनं टोपी काढून डोकं खाजवलं. "मागं घेतो ती फकस्त शेडात न्यायला. एवढ्या फेऱ्या मागं गेलो तर इंजिन तापंल." त्यानं पिंपळाकडे बघितलं. मग खालच्या आवाजात त्यानं आपल्या बायकोचं, भामाचं काढलं. एकोणीस वर्षं तिनं या पिंपळाची सोमवती केली होती. भिंत झाली, फाटक झालं, त्या दिवसापासून ती आली नाही. काळूराम कामावरचा माणूस, तिला फुकट आणू शकला असता. पण स्वतःच्या पिंपळाला पास दाखवून जायचं नाही, असं तिचं होतं. आज सकाळपासून चुलीपुढे तोंड फिरवून बसली होती.

"गाडी नेतो मागं," तो म्हणाला. "पन एक फेरी तिच्या नावाची घाला, वैनी. पायी. तिला गाडीतली नाय चालायची."

रुळाच्या आत मनाई आहे, हे दोघांनाही दिसत होतं. पाटी डोक्यावरच होती. हौसा म्हणाली, "घातली म्हना."

गाडी मागे निघाली. तोंड इंजिनाकडे ठेवलं तर पिंपळ अजून डावाच राहत होता, म्हणून हौसा सीटवर मांडी घालून पाठीच्या फळीकडे तोंड करून बसली. तेव्हा कुठं पिंपळ उजवा झाला. गाडी मुंगीच्या पावलानं चालली होती. एकवीस फेऱ्या फेडण्यातच मोठा वेळ गेला. मग मोजणी सुरू झाली, आणि एकेक बत्तासा गाडीतून पिंपळाच्या पायाशी पडू लागला.

सत्तराव्या फेरीला उतारू जेवून आले. त्यांना कर्नाळ्यात दोन कावळे आणि एक खंड्या दिसला होता, सिमेंटचा ताजमहाल बघून ते जरा गप्पच झाले होते. मागे चालणारी गाडी आणि तिच्यात उलटी बसलेली बाई बघून मात्र त्यांच्या चेहऱ्यावर तरतरी आली. काळूरामनं गाडी क्षणभर थांबवली आणि अकराही जण चढले. एक पांढऱ्या केसांची म्हातारी हौसाच्या डब्यात आली. तिच्या खोलीची चादर मितेश रोज बदलत असे. तिनं मितेशला विचारलं, त्यानं रुळाच्या कडेनं चालत चालत इंग्रजीत सांगितलं, की आई माझ्या बापाच्या आयुष्यासाठी हे करते. तो आजारी आहे का, म्हणून तिनं विचारलं. नाही, क्रेनवर आहे. मग तिनं आणखी काही विचारलं, ते मितेशनं आईला सांगितलं.

"आई, ती विचारते, नवरा नसला तर चालतं का?"

हौसाची पंचाहत्तरावी चालू होती, बोलता येत नव्हतं. ती सीटवर सरकली आणि शेजारची जागा हातानं झाडून दिली. म्हातारी टोपी काढून उलटी बसली. तिचं बघून मागचे दहाही जण एकेक करून उलटे वळले. अकरा परदेशी माणसं पाठीच्या फळ्यांना धरून पिंपळाकडे बघत चालली होती, आणि वजनानं गाडी आणखी मंद झाली होती.

नव्याण्णव झाल्या तेव्हा पुडी रिकामी होती. नऊ बत्तासे काळूरामला बोलावण्यात गेले होते. हौसानं पुडी झटकली, पदराची गाठ सोडून पाहिली. शंभराव्या फेरीला वाहायला काही नव्हतं. शेजारच्या म्हातारीनं तिचा रिकामा हात पाहिला, आपली पर्स उघडली आणि बोटीवरची पांढरी, गोल, कागदात गुंडाळलेली गोळी पुढे केली. हौसानं कागद सोडून वास घेतला. पुदिन्याचा होता. पुदिना पिंपळाला निषिद्ध असल्याचं कृष्णाबाई कधी म्हणाल्या नव्हत्या. तिनं गोळी वाहिली. पुढच्या फेरीला मागच्या डब्यातून दुसरी गोळी आली, मग तिसरी. उतारू आता मोठ्यानं इंग्रजीत मोजू लागले होते.

दोन वाजले. बसबरोबरचा झेंडेवाला गाईड शिट्टी फुंकत आला. एकशे चौथी चालू होती. त्यानं बस निघत असल्याचं सांगितलं, चारला बोट सुटते म्हणून सांगितलं, हात जोडले. बस गेली की मितेश गेला, आणि डबा तसाच बांधलेला घरी जाणार. पण मागे वळून बघितलं तर उतारूंपैकी एकही उतरायला तयार नव्हता. पांढऱ्या केसांच्या म्हातारीनं गाईडला चार बोटं दाखवून काहीतरी खडसावलं आणि पुन्हा पिंपळाकडे तोंड केलं. बस रिकामी जाणार कशी? गाईडनं ड्रायव्हरला इंजिन बंद करायला सांगितलं.

एकशे आठवी पुरी झाली तेव्हा अकरा जणांनी टाळ्या वाजवल्या आणि काळूरामच्या इंजिनातून वाफ निघत होती.

हौसानं तिथंच सीटवर डबा उघडला. भाकरीचा तुकडा मोडून बिरड्यात बुडवून लेकाच्या तोंडात घातला आणि दुसरा आपल्या. मितेशनं डोळे मिटून घास चावला. मग मान वर न करता तीन भाकऱ्या आणि सगळं बिरडं संपवलं. मधे एकदा त्यानं जवळ्याचं विचारलं, आणि आईनं नुसतं पिंपळाकडे बघितलं. गाईड घड्याळ बघत होता, पण म्हातारी गाडीतून उतरत नव्हती. मुलाचं जेवण झालेलं दिसेपर्यंत ती उतरणार नव्हती, हे भाषा न येणाऱ्यालाही कळत होतं. हौसानं तिच्या हातावर एक घारी ठेवली. तिनं ती रुमालात बांधून घेतली.

मग सगळं भराभर झालं. मितेशनं पायाला हात लावला. नऊ महिने, म्हणाला. हौसानं उरलेल्या घाऱ्या त्याच्या पांढऱ्या खिशात कोंबल्या आणि डाग पडतील हे तिच्या मागाहून ध्यानात आलं. बस फाटकातून वळली, खिडकीतून दोन हात हलले, एक लेकाचा आणि एक सुरकुतलेला, आणि मग गोवा रस्त्यावरच्या ट्रकांमागे काही दिसेनासं झालं.

ती बराच वेळ फाटकाकडे बघत उभी राहिली. मग परतली. काळूराम इंजिनावर बादलीनं पाणी ओतत होता. त्यानं तिच्याकडे पाहिलं. पाटीकडे पाठ करून तो उभा राहिला आणि आधीच पुसलेलं चाक पुन्हा पुसू लागला.

हौसानं चपला जाळीशी काढल्या. मोकळा डबा त्यांच्या शेजारी ठेवला. पदर खोचला, रूळ ओलांडला, पिंपळ उजव्या हाताला घेतला आणि मनात भामाचं नाव घेऊन, तोंड मिटून, पहिलं पाऊल टाकलं.