दोनशे सह्यांचं एकच वळण

नगरपालिकेच्या आवक-जावक टेबलावर मी एकतीस वर्षं काढली. बाहेरून आलेला प्रत्येक कागद आधी माझ्या हातात पडायचा. मी तो तपासायची, शिक्का मारायची, वहीत चढवायची आणि खोट दिसली की लाल शाईत शेरा मारायची. लोक मला माघारी 'लालबाई' म्हणत. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. आता भाची सांगते, अर्ज मोबाइलवरून जातात आणि सही म्हणजे एक टिचकी. असेल. मला ते कळत नाही आणि कळून घ्यायची हौसही नाही.

माझ्या टेबलावर काय काय यायचं! कोपऱ्यावर दिवा लावा, थांब्यावर बाक टाका, शाळेसमोरून जड गाड्या नेऊ नका. एकदा एकाच गल्लीतून एकाच दिवशी दोन अर्ज आले. एकात झाड तोडा, दुसऱ्यात झाड तोडू नका, आणि दोन्हींवर निम्मी माणसं तीच. विचारलं तर म्हणाले, "शेजारी सही मागायला आला तर नाही कसं म्हणायचं?" त्या लांबट खोलीतला डिंकाचा वास, फायलींच्या सुटलेल्या नाड्या, दर फेऱ्याला टक्क करणारा पंखा, सगळं मला आजही डोळे मिटले की दिसतं. खरं सांगायचं तर डोळे उघडे असतानाही दिसतं.

नोकरीला तीन वर्षं झाली होती तेव्हाची ही गोष्ट. वाचनालयाच्या वरच्या खोलीत एक मास्तर चित्रकला आणि अक्षरकलेचा वर्ग घेत. सोमवारी आणि गुरुवारी, संध्याकाळी पाचला. पंचवीस वर्षं तो वर्ग चालला होता. पालिकेला पाण्याचे जुने मीटर ठेवायला जागा हवी होती आणि कुणाच्या तरी सुपीक डोक्यातून ती खोली निघाली. वर्ग बंद करण्याचा प्रस्ताव शुक्रवारच्या सभेत येणार होता. नियम असा की दोनशे रहिवाशांनी सह्यांनिशी हरकत घेतली तर सभेला ती ऐकावीच लागे. मात्र एकही सही बनावट निघाली, तर सबंध अर्ज दप्तरी दाखल. दप्तरी दाखल म्हणजे कपाटात, आणि कपाटातून परत आलेला कागद मी तरी पाहिला नाही.

बुधवारी सकाळी अर्ज आला. नऊ पानं, दोनशे आठ सह्या. मी पहिलं पान पाहिलं, दुसरं पाहिलं आणि हातातला चहा खाली ठेवला. सगळ्या सह्या एकाच हातच्या! तोच गोल पोटाचा 'व', तोच शेपूट ओढलेला 'र', आणि शेवटी एका दमात मारलेली, टोकाला किंचित वर उचललेली शिरोरेषा. चोर इतका आळशी असावा याचाच मला राग आला. निदान दोन-तीन तरी पेनं वापरायची! मी लाल शाईत लिहिलं, 'सर्व सह्या एकाच व्यक्तीच्या हस्ताक्षरात दिसतात.' मोठ्या साहेबांनी खाली लिहिलं, 'खात्री करून आजच अहवाल द्या.'

दुपारी मी बोलावलं म्हणून मास्तर आले. उंच, वाकलेले, सदऱ्याच्या बाहीवर शाईचे डाग. भांडायला आले असतील म्हणून मी पदर खोचूनच बसले होते. ते समोरच्या खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "बाई, जरा बघू का?" मी पानं पुढे केली. मास्तरांचा चेहरा असा काही उजळला की मला वाटलं, ह्यांना कळलेलंच नाही आपण पकडले गेलोय ते.

"अरे वा," ते म्हणाले, "ह्याची वेलांटी सुधारली की." आणि खिशातून पेन्सिल काढून त्यांनी खालच्या सहीतला उकार चक्क दुरुस्त करायला घेतला.

"अहो, कार्यालयाचा कागद आहे तो!" मी पान ओढलं.

"माफ करा. सवय." मग त्यांच्या लक्षात आलं मी काय शेरा मारलाय ते. ते हसले. "एकाच हातच्या नाहीत बाई. एकाच वर्गातल्या आहेत. पंचवीस वर्षं मी ह्यांना एकच वळण शिकवलंय. तुम्ही बाहेरगावच्या ना, म्हणून. गावात दुकानांच्या पाट्या बघा, सगळ्या अशाच."

"सांगायला काय जातंय?"

"हा बेकरीवाला. डावखुरा आहे, काना खालून वर काढतो. ही शिंपीण. दिवसभर कापडावर खडूनं लिहिते, म्हणून पेन दाबते. पानाच्या मागून बोट फिरवा. आणि हा बसवर वाहक आहे. चालत्या गाडीत लिहून लिहून त्याच्या उभ्या रेषेला लाट आली."

मी बोट फिरवलं. शिंपिणीची सही खरंच मागून लागत होती. आता मात्र मी जरा चपापले. ते सांगत गेले, मी ऐकत गेले. मला एकसारखी दिसणारी अक्षरं, पण आई जुळ्यांना ओळखते तसं ते प्रत्येकाला ओळखत होते. सातव्या पानावर मात्र त्यांचं बोट थांबलं. ते थांबलंच.

"काय झालं?"

त्यांनी पान उजेडाकडे धरलं. गप्प राहून पुढे गेले असते तर मला काय कळणार होतं? पण म्हणाले, "ही सही तिची नाही."

"म्हणजे बनावट?"

"वखारीतल्या काकांची लेक. तीन वर्षांपूर्वी तापानं गेली. एकोणीस वर्षांची होती." त्यांनी चष्मा काढला. "ती शिरोरेषा मध्ये कधीच थांबवायची नाही. इथं पेन तीनदा थांबलंय."

मास्तरांनी स्वतःच्या तोंडानं स्वतःचा वर्ग बुडवला होता. आणि मला, लाज वाटते सांगायला, आधी आनंद झाला. माझा शेरा अगदीच फुकट गेला नाही म्हणून. मी म्हटलं, "चला. जबाब घ्यावा लागेल."

वाटेत मी खात्री करत गेले. बेकरीवाल्यानं पिठाच्या हातानं माझ्यासमोर सही केली, डाव्या हातानं, काना खालून वर. शिंपिणीनं इतकं दाबलं की निब वाकली. दोघांनीही सही करून आधी मास्तरांकडे बघितलं, मग माझ्याकडे. दुकानांच्या पाट्याही मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिल्या. न्हाव्याची, चांभाराची, दवाखान्याची, सगळ्यांची शिरोरेषा टोकाला वर उचललेली. तीन वर्षं रोज त्याच रस्त्यानं मी जात होते आणि मला दिसलं नव्हतं. नजर कायम कागदात.

लाकडाच्या वखारीत भुशाचा गोड वास होता. काका ओंडक्यांवर खडूनं आकडे घालत होते. बुटके, रुंद हातांचे. मी पान पुढे धरून विचारलं, "ही सही तुम्ही केलीत?"

"केली," ते लगेच म्हणाले. "चुकली का?"

"अहो, ही तुमच्या मुलीची आहे. ती तर..."

"हो. पण वर लिहिलंय ना, आम्ही ह्या वर्गाचे विद्यार्थी. मी कुठं विद्यार्थी? विद्यार्थी ती होती. ती असती तर तिनं पहिली सही केली असती." मग ते मास्तरांकडे वळून, जणू चोरीच कबूल करताहेत अशा आवाजात म्हणाले, "मला लिहिता येत नव्हतं. ती गेल्यावर तिच्या वह्या गिरवल्या. सगळ्या. जे येतं ते तिच्यातलंच येतं."

मास्तर ओंडक्यांवरच्या खडूच्या आकड्यांकडे बघत राहिले. बोलायची पाळी माझी होती, आणि मला बोलायला फक्त नियम येत होता. मी म्हटलं, "काका, अर्ज कुणाही रहिवाशाचा चालतो. विद्यार्थीच हवा असं नाही. सहीत चूक असेल तर सही करणाऱ्यानं माझ्यासमोर दुरुस्त करायची मुभा आहे. हे नाव खोडा, तुमचं लिहा. वर्ग वाचेल."

काकांनी पेन घेतलं. पान एका ओंडक्यावर ठेवलं. पेन त्या नावावर टेकलं आणि तिथंच राहिलं. शाईचा ठिपका मोठा होत गेला.

"नाव खोडायचं?" ते म्हणाले. "तिचं?"

"नका खोडू," मास्तर म्हणाले. "वर्ग गेला तर गेला. काका, पेन ठेवा."

मला दोघांचाही राग आला. एकाला नाव खोडवेना, दुसऱ्याला ते खोडू देववेना, आणि ह्यांच्या चांगुलपणापायी मीटर जाऊन बसणार त्या खोलीत! त्या रागातच मला सुचलं. "खाडाखोड मला आवडतच नाही," मी ओरडलेच. "खोडायला कोण सांगतंय? पुढे जागा आहे ना? तिच्या नावापुढे लिहा, 'हिचे वडील', आणि मग तुमचं नाव. सही करणारा कोण ते कळल्याशी मला मतलब!"

त्यांनी लिहिलं. खूप सावकाश. 'हिचे वडील'. मग स्वतःचं नाव. शिरोरेषा थांबत थांबत गेली, पण टोकाला वर उचलली गेली.

पुढचं थोडक्यात सांगते. अर्ज सभेपुढे गेला, चर्चा झाली, मीटर दुसऱ्या गोदामात गेले आणि मास्तर थकेपर्यंत आणखी अकरा वर्षं तो वर्ग चालला. पण मला सभा आठवत नाही. मला ती वखार आठवते. मास्तर वाकून सही बघत होते, काका परीक्षेच्या निकालाला उभे असल्यासारखे त्यांच्याकडे बघत होते.

"वेलांटी कच्ची आहे," मास्तर म्हणाले. "सोमवारी पाचला या. वही घेऊन."

"ह्या वयात?"

"उशीर केलात तर आत घेणार नाही."

काकांनी पेनाचं टोपण लावलं. "ती कुठं बसायची?"

"पहिल्या बाकावर. पण तुम्ही मागं बसायचं. पहिला बाक हुशार मुलांचा."

काका हसले. खूप दिवसांनी हसल्यासारखे, आवाज न करता, आणि हसता हसताच रडायला लागले. मी झटकन कागद बाजूला ओढला, सही अजून ओली होती म्हणून. तो छातीशी धरला आणि मग मलाही आवरेना.